जुनी खानेसुमारी आणि आमच्या घरची वीणा

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींनी सांगितलं, शिवाजी पेठेतल्या जुन्या वारकरी घरांचं तुम्ही लिहा. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. ऊस आणि कीर्तन एवढंच आम्हाला कळतं. पण आमच्या घरात सांगत आलेत की ही दिंडी आमच्या पणजोबांनी काढली आणि सत्तरीपर्यंत वीणा त्यांच्याच गळ्यात होती. आम्ही स्वतः हे चाळीस वर्षं कीर्तनात सांगितलं. आता छापायचं म्हणल्यावर पुरावा बघायला निघालो.

पहिल्यांदा आठवली ती खानेसुमारी, म्हणजे आताची जनगणना. आपल्या देशात १८७२ साली पहिली मोजणी झाली. सगळीकडं एका वेळी अशी १८८१ ला झाली, आणि मग दर दहा वर्षांनी. त्यात कोल्हापूर संस्थानही मोजलं गेलं. आम्हाला वाटलं, पणजोबांचं नाव तिथं सापडंल. पण जाणकारांनी समजावलं, घरोघरच्या नावांच्या याद्या जपून ठेवलेल्या नाहीत. छापून राहिले ते आकडे. पुरुष किती, बायका किती, कुठल्या जातीचे किती. खळ्यावरच्या राशीचं माप कळतं, पण दाणा कुणाच्या वावरातला ते कळत नाही.

आकडेही जपून वाचावे लागतात. तेव्हा लोक वय अंदाजानं सांगायचे, म्हणून तीस, चाळीस, पन्नास अशा गोल वयांची गर्दी दिसते. कुणबी आणि मराठा ही मोजणीही दर वेळी एकसारखी धरलेली नाही. एकाचा आकडा घटला म्हणजे माणसं गाव सोडून गेली असं नव्हे. लिहिणाऱ्यानं काय विचारलं आणि सांगणाऱ्यानं काय सांगितलं, त्यावर ते ठरायचं. म्हणून तर २०२३ साली शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधल्या त्या नावाच्या कागदांत : महसुलाची दफ्तरं, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेची रजिस्टरं. त्यातलं जुनं बरंचसं मोडीत.

आम्हीही तिकडंच वळलो. मोडी वाचणारा बरोबर घेतला. पणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली. सन १३२८ फसली, आश्विन महिना, वय ४०, आजार ताप. फसली सन मृगाला लागतो. त्यात ५९० मिळवायचे, नोंद जानेवारीनंतरची असली तर ५९१. म्हणजे साल आलं १९१८. मानमोडीच्या साथीचं साल ते.

वयात दहा वर्षांची चूक धरली तरी सत्तर होत नाहीत. आणि दिंडी निघाली १३३५ फसलीत, म्हणजे १९२५ च्या आषाढात. पणजोबा जाऊन तोवर सात वर्षं झाली होती.

मग दिंडीची हिशेबाची पहिली वही काढली. शिधा देणाऱ्या घरांत आमचं घर आहे. दोन पायली जोंधळा. पुढं पणजोबांचं नाव आणि 'यांची बायको' एवढंच. आमचे आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. घरात दुसरा कर्ता पुरुष नव्हता. जोंधळा घातला तो पणजीनं.

खानेसुमारीत ती बायकांच्या बेरजेतली एक. बैलावर बसून येणारा आमचा हेळवी सात पिढ्या म्हणून दाखवतो, त्यात ती नाही. शेवटी माळ्यावरच्या पितळी घागरीवर तिचं नाव कोरलेलं मिळालं. ते नाव या अंकातल्या पहिल्या यादीत घातलं आहे. पणजोबांचं काढायला आम्हीच सांगितलं. चाळीस वर्षं चुकीचं बोललो, त्याची माउलींपुढं आणि तुम्हा संतमंडळींपुढं क्षमा मागतो.

मंडळी, आपापल्या घरची दाखले, फेरफार, खरेदीखतं आणि जुनी भांडीही एकदा काढून बघा. ज्यांनी जोंधळा घातला त्यांची नावं राहू द्यात.

रामकृष्ण हरि.