घरच्या कर्मशाळेतील लेथ

कातारी हातात पटाशी धरतो आणि फिरत्या लाकडाला आकार येतो तो त्याच्या मनगटाच्या कसबाने. धातूपुढे मात्र नुसत्या मनगटाचे फारसे चालत नाही. तेथे हत्यार यंत्रानेच घट्ट धरावे लागते व सरळ रेषेत सरकवावे लागते. रशियाचा झार पीटर याला कातकामाचा मोठा नाद होता. त्याच्या पदरच्या आंद्रेई नार्तोव्ह याने अशी यंत्रे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच घडविली. पुढे १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने सरकता हत्यारधारक व मळसूत्र यांचा मेळ घालून अचूक आटे पाडणारा लेथ सिद्ध केला.

तरीही घरी लेथ बाळगणे हा दीर्घकाळ धनिकांचाच शौक राहिला. लंडनच्या होल्टझाफेल पेढीचे देखणे लेथ हस्तिदंतावर नक्षी काढण्यासाठी सरदार-उमराव घेत. हे चित्र पालटले ते इंग्लंडात छोटी इंजिने स्वहस्ते बनविणाऱ्या हौशी मंडळींमुळे. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी त्यांच्यासाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढले. गिल्फर्डच्या ड्रमंड बंधूंनी बेताच्या किमतीचे लेथ बाजारात आणले. १९४६ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफर्डने आपला ‘एमएल ७’ जाहीर केला. बेडावर ७ इंच व्यासाचे, तर चकाजवळच्या खाचेत १० इंचांचे काम त्यावर बसे.

निवड करताना मात्र हे आकडे पुरेसे नसत. बेड कणखर नसेल तर हत्यार थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. गती पुरेशी मंद करणारे गिअर नसतील, तर मोठ्या व्यासाचे बीड कातताना हत्याराची धार जळते. जुना लेथ घेणाऱ्याला आणखी एक परीक्षा करावी लागे. बहुतेक काम चकाजवळच होत असल्याने बेडही तेथेच अधिक झिजतो. हत्यारधारकाची बैठक तेथे ढिली राहू नये म्हणून आवळावी, तर न झिजलेल्या दुसऱ्या टोकाला ती अडकून बसते. बीस्टनचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला. पण त्याचे लेथ अद्याप हस्ते-परहस्ते फिरत आहेत, आणि जाणता गिऱ्हाईक रंगाकडे न पाहता प्रथम ही बैठक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहतो.