हुद्दा नसलेली नावं

इंग्लंडच्या केंट परगण्यात, डोव्हर आणि फोकस्टन यांच्या मधल्या कड्यावर केपल-ल-फर्न हे छोटं गाव आहे. १९४० मध्ये ब्रिटनचं आकाश राखणाऱ्या लढाऊ वैमानिकांचं स्मारक तिथे आहे. त्या लढाईत होरपळून वाचलेले जेफ्री पेज यांच्या पुढाकाराने ते १९९३ मध्ये उभं राहिलं. मध्यभागी समुद्राकडे पाहत बसलेला दगडी वैमानिक. जवळच्या भिंतीवर वैमानिक आणि विमानातले त्यांचे सहकारी अशी जवळपास ३००० नावं आहेत. पाचशेहून अधिक जण त्या लढाईतच गेले. नावांपुढे हुद्दा नाही, पदक नाही. क्रम फक्त आडनावांचा.

आपल्यातून गेलेल्या वर्गमित्रमैत्रिणींची नावंही पदव्यांशिवायच छापावीत, असं मला वाटतं. वर्गात आपली हजेरी तशीच तर व्हायची!