अर्ज घेऊन निघालेल्या माणसासोबत

बीडजवळच्या नारायणगडाला हात जोडून तुम्ही निघता तेव्हा साल आहे 1947. बीडला अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या, कचेरीजवळ अर्जनवीस बसलाय. तुम्ही जमिनीची तक्रार मराठीत सांगता, तो उर्दूत उतरवतो, कारण निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूतच चालतो. काय लिहिलं ते तुम्हाला वाचता येत नाही. तरी अंगठा उमटवता. पुढचा निकाल हैदराबादचा.

आता 1975. निजामी जाऊन 27 वर्षं झाली. 1956 पासून तुमची राजधानी मुंबई. एसटीचा रात्रभराचा प्रवास करून तुम्ही 1955 साली उभ्या राहिलेल्या सचिवालयासमोर येता. मराठवाड्याचेच शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झालेत. त्यांनी या इमारतीला मंत्रालय म्हणायचं ठरवलंय. या वेळचा अर्ज मराठीत आहे, सही तुमची आहे. फाईल मात्र टेबलावरून हलत नाही.

21 जून 2012. चौथ्या मजल्यावर आग लागते आणि वर चढत जाते. पाच जण दगावतात. तुम्ही रस्त्यावर मान वर करून धुराकडे बघत उभे.

2018 च्या फेब्रुवारीत आत शिरता, तर मधल्या मोकळ्या चौकावर जाळी ताणलेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी इथं खेटे घालून थकलेले, ऐंशी ओलांडलेले विखरणचे शेतकरी धर्मा पाटील जानेवारीतच गेले. कठड्यावरून वाकून बघितलं की खालून जाणारी माणसं जाळीच्या चौकोनांतून तुकड्यातुकड्यांनी दिसतात. कुणी उडी मारली तर जीव वाचावा म्हणून ती बांधलीय. जीव वाचतो, हे चांगलंच. पण माणूस त्या कठड्यापर्यंत का येतो, हे तिथल्या एकेका टेबलाला विचारायला हवं.

आज पुन्हा तुम्ही पासच्या रांगेत आहात. पिशवीत सातबारा, भाकरी. तिकडे गडावर, आपल्या धाकट्या पंढरीला, दर्शनाला आलेल्याला काय काम आहे, असं कुणी विचारत नाही. मंत्रालयाला सुरक्षा लागते, मान्य. पण रांगेवर सावली, टेकायला बाक आणि प्यायला पाणी, एवढं सरकारनं करावंच.

आणि तुम्ही एक करा. मुंबई गाठण्याआधी बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथं लोकशाही दिन असतो. अर्ज द्याल तिथं तारीख घातलेली पोच मागून घ्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे.