विनंती आणि आघात : सर्व्हरच्या दूरस्थ वीजनियंत्रणाचा इतिहास

यंत्र बंद करणे ही क्रिया वरकरणी क्षुल्लक दिसते. सर्व्हरच्या बाबतीत मात्र तिचे दोन प्रकार कटाक्षाने वेगळे मानावे लागतात. चालू प्रणालीस कामे आवरती घेण्यास सांगणे हा पहिला, आणि तिचा वीजपुरवठाच तोडणे हा दुसरा. पहिल्यास विनंती म्हणू, दुसऱ्यास आघात. दूरस्थ नियंत्रणाचा इतिहास म्हणजे हा भेद यंत्राच्या रचनेत व परिभाषेत क्रमाने कसा उतरला याचाच इतिहास होय.

भेदाचे मूळ स्मृतीच्या वापरात आहे. युनिक्स प्रणालीत लिहिलेला मजकूर तत्काळ चकतीवर न जाता काही काळ स्मृतीत राही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत दर तीस सेकंदांनी तो चकतीवर उतरविला जाई. या अवधीत वीज गेल्यास ताजा मजकूर नष्ट होई. शिवाय फायलींच्या नोंदी व प्रत्यक्ष मजकूर यांत विसंगती उरे. आघाताची किंमत ती हीच.

संगणकाचे जुने बटण वीजप्रवाहच तोडीत असे. तेथे विनंतीस वावच नव्हता. इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स रचनेत बटण हा केवळ संकेत ठरला, व यंत्र बंद असतानाही पाच व्होल्टचा अल्प पुरवठा जागता राहिला. १९९६ च्या एसीपीआय मानकाने त्या संकेताचा अर्थ लावण्याचा अधिकार कार्यप्रणालीकडे सोपविला. दूरस्थ नियंत्रण उभे राहिले ते याच दोन पायांवर.

जागत्या पुरवठ्याचा पहिला लाभ जाळ्यातून यंत्र जागे करण्यास झाला. त्यासाठीच्या 'मॅजिक पॅकेट'मध्ये सहा ठराविक बाइटांनंतर यंत्राचा जाळ्यातील पत्ता सोळा वेळा येतो. परंतु ही केवळ हाक होय. तीत ना बंद करण्याची सोय, ना पोच.

ही उणीव १९९८ च्या आयपीएमआय मानकाने भरून काढली. मुख्य प्रणाली निश्चेष्ट असली तरी एक स्वतंत्र लघुसंगणक वीज देतो, तोडतो व यंत्र पुन्हा सुरू करतो. सौम्य बंदीची आज्ञाही त्यात आहे. मात्र ती ऐकण्यास कार्यप्रणाली शुद्धीवर असावी लागते. म्हणूनच आधी विनंती, मग प्रतीक्षा, आणि उत्तर न आल्यासच आघात, हा क्रम शहाणपणाचा ठरतो.

परंतु ही सत्ता ज्याच्या हाती जाईल तो सर्व्हरचा स्वामी ठरतो. या मानकातील सुरक्षेच्या उणिवांविषयी अमेरिकेच्या शासकीय संगणकसुरक्षा यंत्रणेने २०१३ साली जाहीर इशारा दिला. तेव्हा हे नियंत्रण खुल्या जाळ्यावर न ठेवता वेगळ्या जाळ्यात राखणे अगत्याचे होय.

२०१५ साली आलेल्या रेडफिश मानकात 'ग्रेसफुल शटडाउन' आणि 'फोर्स ऑफ' अशा दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. जो विवेक पूर्वी चालकाच्या अनुभवावर विसंबून असे, तो आता शब्दांतच नोंदला गेला आहे. तथापि दोहोंतील कोणता शब्द केव्हा उच्चारावा, हे ठरविण्याचे दायित्व अद्याप माणसाचेच आहे.