मानवी हक्क : परदेशावरील टीका आणि दांभिकतेचा आक्षेप

एका देशाने दुसऱ्या देशातील मानवी हक्कांच्या पायमल्लीकडे बोट दाखवले, की 'आधी आपल्या घरात पाहा' हे प्रत्युत्तर ठरलेले असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत हे प्रत्युत्तर ऐकण्याची वेळ भारतावर १९४६ सालीच आली.

दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी नाताळ व ट्रान्सवाल प्रांतांतील भारतीय वंशाच्या लोकांच्या जमीनधारणेवर आणि वास्तव्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. भारताने त्या देशाशी व्यापार तोडला व तक्रार आमसभेपुढे नेली. शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते. हा देशांतर्गत प्रश्न असून सनदेच्या कलम २(७) नुसार आमसभेला त्यात हस्तक्षेप करता येत नाही, असा पंतप्रधान स्मट्स यांचा बचाव होता. (त्याच सनदेच्या प्रास्ताविकेचा मसुदा घडवण्यात स्मट्स यांचा मोठा वाटा होता!) भारतातील अस्पृश्यतेचा उल्लेखही प्रतिपक्षाकडून झाला. तरीही ८ डिसेंबर १९४६ रोजी भारताच्या बाजूचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला.

अस्पृश्यतेचा आरोप खोटा नव्हता. मात्र त्यामुळे डर्बनमधील भारतीयांवरचा अन्याय न्याय्य ठरत नव्हता. आरोप करणाऱ्याचे चारित्र्य आणि आरोपाची सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दांभिकता सुरू होते ती दुसऱ्याला लावलेला निकष स्वतःला लावण्याचे नाकारल्यावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमका हाच निकष भारताला लावण्याचा विचार केला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी १९४६ साली विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याकडे मागितल्या. अनुसूचित जातींच्या स्थितीवरील निवेदनही त्यांनी तयार केले. पण घटना समितीला व भावी संसदेला संधी द्यावी म्हणून ते सादर केले नाही, असे त्यांनी १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात सांगितले.

२००१ मध्ये वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद डर्बन येथेच भरली. दलित संघटनांनी तेथे जातिभेदाचा प्रश्न लावून धरला. जात म्हणजे वंश नव्हे आणि हा देशांतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. जातिभेदाविरुद्ध राज्यघटनेत व कायद्यांत तरतुदी आहेत, हे सरकारचे म्हणणे खरेच होते. परंतु 'देशांतर्गत प्रश्न' हा युक्तिवाद १९४६ साली भारतानेच अमान्य केला होता. परिषदेच्या अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही.