ललिता बाबरने शर्यत बदलली, तेव्हा ती शर्यत किती वर्षांची होती?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक अडचण हमखास येते. माणसाने घेतलेल्या निर्णयाचा इतिहास लिहायचा कसा? आज त्यासाठी एक खेळाडू घेऊ.

ललिता बाबर, सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आपल्या पुलगावहून पळत निघालात तर वर्धा मागे पडतं, तरी शर्यत संपत नाही! तर तिसऱ्या विजयानंतर ललिताने रस्ता सोडला आणि ट्रॅकवरची ३००० मीटर स्टीपलचेस धरली. त्याच वर्षी इंचॉनच्या एशियाडमध्ये ९:३५.३७ वेळ नोंदवून तिने ब्राँझ मिळवलं.

अशा गोष्टीवर आपण लगेच ‘जिद्द’ असं लेबल लावतो. जिद्द होतीच हो. पण कारण म्हणून तेवढंच लिहिलं, की पुढे विचारायला काही उरत नाही.

मी विज्ञानवाला, त्यामुळे माझं लक्ष आधी शरीराकडे जातं. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. हर्डल्समधला अडथळा पाय लागला तर आडवा होतो, हा होत नाही; धडकलात तर तुम्हीच पडता. तरी नऊ-साडेनऊ मिनिटांची शर्यत मुख्यतः ऑक्सिजनवर चालते, म्हणजे मॅरेथॉनमध्ये कमावलेला दम इथे कामी येतो. नवीन शिकायचं ते उडी आणि दर थोड्या अंतरावर मोडणारी लय.

हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. दम तर १९९० च्या दशकातल्या धावपटूंकडेही होता. मग त्यातली कुणी ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस का पळाली नाही? कारण साधं आहे, महिलांसाठी ती शर्यत तिथे नव्हतीच. पुरुषांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये १९०० पासून आहे. महिलांची जागतिक स्पर्धेत आली २००५ साली, ऑलिंपिकमध्ये २००८ साली.

आता पी. टी. उषाकडे बघा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये तिला १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्य मिळालं होतं. पक्की स्प्रिंटर. दोनच वर्षांनी लॉस एंजेलिसला ती पळाली ४०० मीटर हर्डल्स. ब्राँझ ५५.४१ ला गेलं, उषा ५५.४२. हा शतांश सेकंद आपल्याला पाठ आहे. पण महिलांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा झाली, हे किती जणांना माहीत असतं?

दोन उदाहरणं जुळली म्हणून लगेच सिद्धांत मांडायला धावू नका. सुधा सिंगने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं होतं. म्हणजे ललिता वळली तेव्हा भारतीय मुलीसाठी ही वाट अनोळखी नव्हती, आणि इंचॉनला तिने मोडला तो राष्ट्रीय विक्रमही सुधाचाच. माझ्या मते उषाच्या बाबतीत शर्यतीचं नवेपण जास्त महत्त्वाचं, ललिताच्या बाबतीत समोर असलेलं उदाहरण. व्हायवाला परीक्षक याच फरकावर बोट ठेवेल, म्हणून तो आधीच मांडलेला बरा.

अजून एक. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता फायनलला पोचली आणि ‘३२ वर्षांनी’ हे शब्द सगळीकडे आले. वाक्य खरं आहे, पण ‘वैयक्तिक’ आणि ‘ट्रॅक’ हे दोन्ही शब्द ठेवले तरच. २००४ मध्ये अथेन्सला भारताचा महिलांचा ४×४०० रिले संघ फायनल पळाला होता. त्याच स्पर्धेत अंजू बॉबी जॉर्ज लांब उडीच्या फायनलमध्ये होती, पण ती फील्ड इव्हेंट. एक विशेषण गाळलं की पाच खेळाडूंची नोंद पुसली जाते.

आणि निकालपत्रक नेहमी पूर्ण वाचा. रिओच्या फायनलमध्ये ललिता दहावी आली, वेळ ९:२२.७४. तिची खरी मोठी धाव त्याआधीच्या हीटमधली, ९:१९.७६. तो राष्ट्रीय विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने ९:१५.३१ मध्ये तो मोडला.