ग्रेच्चोचा गोठा आणि मुकी जनावरे

नाताळचा गोठा उभारताना बैल व गाढव यांच्या मूर्ती आपण सवयीने मांडतो. परंतु संत लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, बाळंते आहेत, मेंढपाळ आहेत. बैल नाही, गाढवही नाही. ही जोडी आली यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून. देवाच्या प्रजेपेक्षा गोठ्यातील जनावरे अधिक जाणती ठरली, अशी संदेष्ट्याची खंत तेथे व्यक्त झाली आहे.

ही जोडी जिवंत स्वरूपात वेदीपाशी आणली ती असिसीकर संत फ्रान्सिस यांनी, १२२३ च्या नाताळात. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला पोप तिसरे होनोरियस यांनी त्यांच्या संघाची नियमावली मान्य केली होती. सणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी फ्रान्सिसांनी इटलीतील ग्रेच्चो गावी जोव्हान्नी नावाच्या सज्जनास कळविले की गव्हाण, गवत, बैल व गाढव सिद्ध ठेवावे. बाळयेशूने सोसलेली अडचण त्यांना डोळ्यांनी पाहावयाची होती. गव्हाणीवर मिस्सा झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, डीकन होते. शुभवर्तमान त्यांनी गायिले आणि प्रवचनही केले.

येथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. पुढची सहसा कोणी सांगत नाही. चरित्रकार चेलानोचे थॉमस लिहितात की फ्रान्सिसांना नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे असे वाटे, आणि बैल-गाढवांना नित्यापेक्षा अधिक दाणावैरण मिळावी असेही. सम्राटाची भेट झाली तर एक कायदा मागावा, असा त्यांचा विचार होता: त्या दिवशी ज्याला शक्य असेल त्याने रस्त्यांवर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, तोटा पडणार नाही. हा संतांचा भाबडेपणा म्हणून आम्हीही एके काळी हसून सोडून दिला होता.

याच फ्रान्सिसांचे संघबंधू सोळाव्या शतकात वसईस आले. किल्ल्यात त्यांच्या मंदिराचे अवशेष आजही उभे आहेत. आमच्या वाड्यांतून रहाटाला जुंपलेली जनावरे होती, तोवर सणाच्या दिवशी त्यांची आठवण ठेवावी लागे. आता रहाट गेले. उरले दारचे कुत्रे आणि मांजर. आणि मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर फटाक्यांच्या माळा. माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. एका नाताळच्या रात्री आमच्या आवारातील कुत्रा असाच भेदरून पळाला. तो परतला नाही. फाटक उघडे आम्हीच ठेवले होते, मिस्सेला येणाऱ्यांसाठी. तेव्हापासून त्या रात्री आवारातील जनावर आतल्या खोलीत, दिवा लावून ठेवण्याची आमची रीत आहे. मेजवानीतील शिजलेली हाडे व चॉकलेट त्याच्यापुढे टाकू नये, एवढे घरोघरी सांगतो. हाडांचे तुकडे आतडी फाडतात, चॉकलेट तर कुत्र्याला विषच.

ग्रेच्चोच्या त्या गव्हाणीतील गवत लोकांनी जपून ठेवले होते. ते खाऊन गावची आजारी जनावरे बरी झाली, असे थॉमस यांनी संताच्या निधनानंतर दोन-तीन वर्षांतच लिहून ठेवले आहे.